आपल्या मृतांच्या नोंदी : शोध व जतन
(ज्युबिली महोत्सवानिमित्त औसा येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या आनंदांत मृत्यूचा विषय काढावा हें कोणास विपरीत वाटेल. परंतु ज्युबिली म्हणजे गेलेल्या वर्षांचा हिशेब, आणि त्या वर्षांतील बहुतेक माणसें आज आपणांत नाहींत. ज्यांनीं आपल्या घराण्यांत प्रथम बाप्तिस्मा घेतला, ज्यांनीं मुलांना क्रुसाची खूण करावयास शिकविलें, त्यांचें स्मरण आपण आज सर्वांनीं मिळून केलें. आम्ही यापुढें इतकेंच विचारतों : त्यांपैकीं आपल्या घरचीं माणसें कोणतीं, तीं कोणत्या सालीं वारलीं, आणि त्यांना मूठमाती कोठें दिली गेली? आजोबांचें नांव बहुतेकांस येतें. पणजोबांचें थोड्यांस येतें. पणजीचें नांव सांगणारा तर क्वचितच भेटतो.

देवाच्या दरबारीं कोणतेंही नांव हरवत नाहीं. नांवाची गरज आहे ती आपणांस. पवित्र शास्त्र याविषयीं उदासीन नाहीं. अब्राहामानें सारेच्या दफनासाठीं मक्पेलाची गुहा चारशें शेकेल रुपें मोजून, साक्षीदारांसमक्ष विकत घेतली, हा व्यवहार उत्पत्तीच्या पुस्तकांत एखाद्या खरेदीखतासारखा तपशीलवार लिहिला आहे. वचनदत्त देशांत त्या कुलपुरुषानें विकत घेतलेली पहिली जमीन ती कबरीची होय. तोबितानें राजाचा कोप पत्करून परक्या नगरांत आपल्या बांधवांचीं प्रेतें पुरलीं. यहूदा मक्काबीनें लढाईंत पडलेल्यांसाठीं अर्पण करावयास वर्गणी गोळा करून यरुशलेमेस पाठविली. आणि मत्तयानें तर आपलें शुभवर्तमान वंशावळीनेंच सुरू केलें. मृतास पुरणें हें दयेचें कृत्य आहे. त्याचें नांव पुरलें जाऊं न देणें हा त्याच कृत्याचा उत्तरार्ध होय.

शिवाय हा विषय केवळ भक्तीचा नाहीं. मृत्यूची तारीख ठाऊक नसल्यामुळें वारसाची नोंद अडते, विधवेचा हक्क लांबणीवर पडतो, भावाभावांत तंटे होतात. म्हणून हा शोध कसा करावा, याविषयीं जें आम्हांस ठाऊक आहे तें आपणांपुढें ठेवतों. त्याचें सार एका वाक्यांत सांगतां येईल : मृत्यूची नोंद एकाच जागीं मिळेल अशा आशेनें निघूं नये, वडीलधाऱ्यांचें तोंड, देवळाची वही आणि चावडीचें दप्तर या तिघांची साक्ष एकमेकांशीं ताडून पाहावी.

आधीं वडीलधारीं माणसें. दप्तर उद्यां उघडतां येईल. परंतु ऐंशीं वर्षांच्या आजीबाई उद्यां भेटतीलच असें नाहीं. त्यांना सन विचारूं नये, प्रसंग विचारावा. "आजोबा कोणत्या सालीं गेले?" याचें उत्तर त्यांना येणार नाहीं. पण "रझाकारांच्या धामधुमीआधीं कीं नंतर?" "बहात्तरच्या दुष्काळांत कीं त्यापूर्वीं?" "किल्लारीचा भूकंप त्यांनीं पाहिला काय?" असें विचारलें म्हणजे त्या ठामपणें सांगतात. रझाकारांची धामधूम १९४७-४८ ची. तिचा शेवट १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें तेव्हां झाला. मोठा दुष्काळ १९७२ चा. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. अशा दोन प्रसंगांच्या मध्यें मृत्यू बसविला कीं शोधाचें क्षेत्र शंभर वर्षांवरून पांचदहा वर्षांवर येतें. दिवस कापणीचे होते कीं पेरणीचे, मूल मांडीवर होतें कीं शाळेंत जात होतें, दफनास कोण धर्मगुरू वा कॅटेकिस्ट मास्तर आले होते, हेंही विचारून सांगणाऱ्याच्या नांवासह लिहून ठेवावें.

दुसरी साक्ष देवळाची. मृतांची वही ठेवणें हा ख्रिस्तसभेचा जुना रिवाज आहे. पोप पांचवे पॉल यांच्या वेळीं १६१४ सालीं निघालेल्या रोमन विधिग्रंथांत बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, कुटुंबांची स्थिति व मृत्यू अशा पांच वह्यांचे नमुने घालून दिले होते. पुढें १९१७ च्या धर्मविधानानें तीच गोष्ट प्रत्येक धर्मग्रामास बंधनकारक केली. मृताचें नांव व वय, आईबापांचें अथवा पतीपत्नीचें नांव, मृत्यूचा काळ, कोणीं कोणते संस्कार दिले, आणि दफन केव्हां व कोठें झालें, इतकें सर्व त्या विधानाप्रमाणें लिहावयाचें असे. १९८३ पासून लागू झालेलें धर्मविधानही मृत्यूची वही राखण्यास व जुन्या वह्या जपून ठेवण्यास सांगतें. आपला पणजोबा शेवटचा अभ्यंग घेऊन गेला कीं नाहीं, हें सरकारचें कोणतेंही दप्तर सांगणार नाहीं. देवळाची वही तें सांगूं शकते.

मात्र ही वही वाचतांना तीन अडचणी येतात. पहिली भाषेची. जुन्या नोंदी पुष्कळदां लॅटिन भाषेंत असतात. 'ओबिइत' म्हणजे वारला वा वारली, 'सेपुल्तुस' म्हणजे पुरला, 'सेपुल्ता' म्हणजे पुरली, 'फिलिउस' म्हणजे मुलगा, 'फिलिआ' म्हणजे मुलगी, 'उक्सोर' म्हणजे पत्नी, 'विदुआ' म्हणजे विधवा. एवढे शब्द पाठ केले तरी अर्धें काम होतें. दुसरी अडचण नांवांची. आपल्या पूर्वजांस बहुधा दोन नांवें असत. देवळांत जो योसेफ तो गांवांत राणबा, देवळांत जी मरिया ती माहेरीं गंगू आणि सासरीं आणखी कांहीं. परदेशी धर्मगुरूंनीं तीं नांवें व खेड्यांचीं नांवें आपल्या कानास जशीं ऐकूं आलीं तशीं लिहिलीं. म्हणून नांव जुळत नाहीं एवढ्यावरून नोंद आपली नव्हे असें ठरवूं नये. बायकोचें नांव, मुलांचीं नांवें, गांव आणि वय हीं सारीं मिळून पाहावीं. वयाच्या आंकड्यावरही फार भार देऊं नये. 'वय साठ' याचा अर्थ पुष्कळदां 'म्हातारा' एवढाच असतो.

तिसरी अडचण स्थळाची. आज ज्या धर्मग्रामांत आपण आहों तो स्थापन होण्यापूर्वींचे मृत्यू त्याच्या वहींत असणें शक्य नाहीं; ते ज्या जुन्या केंद्राहून धर्मगुरू येत असत तेथील वहींत असतील. धर्मप्रांतांच्याही सीमा बदलल्या. मराठवाड्यांतील औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७ सालीं अमरावतीपासून निघाला, आणि अमरावतीचा १९५५ सालीं नागपुरापासून. निजामी राज्यांतील मिशनांचा संबंध कोठें नागपुराशीं, तर कोठें हैदराबादशीं होता. १९१७ च्या विधानाप्रमाणें दरवर्षीं बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींची प्रत बिशपांच्या कचेरीस धाडावयाची असे. त्यामुळें मूळ वही वाळवीनें खाल्ली असली तरी तेथें विचारणा करावी. ह्या वह्या कोणासही उघड्या नसतात. धर्मगुरूंस आधीं पत्र लिहावें, त्यांत दोन्ही नांवें, गांव व अंदाजी सालें द्यावींत, आणि त्यांच्या सवडीची वाट पाहावी.

तिसरी साक्ष चावडीची. आणि येथें औशाचा इतिहास ध्यानीं ठेवल्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. औसा हें हैदराबाद संस्थानांत, उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला, आणि १९८२ सालीं उस्मानाबादपासून लातूर जिल्हा वेगळा निघाला. उस्मानाबादचें नांवही आतां धाराशिव झालें आहे. म्हणजे एकाच गांवचा कागद काळाप्रमाणें औशास, लातुरास, धाराशिवास, छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारांत किंवा हैदराबादेसही असूं शकतो. प्रथम साल ठरवावें, मग त्या सालीं गांव कोणाच्या अमलाखालीं होतें तें पाहावें, आणि मगच प्रवासखर्च करावा.

निजामी दप्तराची भाषा १८८४ पासून उर्दू होती. गांवपातळीवर मोडीही चाले. मृतास तेथें 'फौत' म्हणत, आणि तो शब्द आजही आपल्या तलाठ्याच्या तोंडीं 'फौती फेरफार' म्हणून जिवंत आहे. सालें फसली असत. संस्थानांतील फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं आजर महिन्यानें सुरू होई. फसली सालांत ५९० मिळविले म्हणजे ज्या इसवी सालीं तें सुरू झालें तें साल येतें. जानेवारीनंतरच्या तारखेस ५९१ मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, '१३२८ फसली, आजर' असें लिहिलें असेल, तर तो काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ चा, म्हणजे ज्या इन्फ्लुएंझाच्या साथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं त्या साथीचा ऐन भर. चुकून ५९१ मिळवले तर १९१९ येतें आणि साथीचा धागाच हातांतून सुटतो.

गांवांतील जन्ममृत्यूंची वही आपल्याकडे गांव नमुना १४ या नांवानें, व लोकांच्या बोलण्यांत कोतवाल बुक म्हणून ओळखली जाते. गांवांत कोणी मेलें कीं त्याची वर्दी चावडीवर देणें हें गांवकामगाराचें काम. मयताचा सांगावा घेऊन परगांवच्या सोयऱ्यांकडे चालत जाणें हेंही गांवकीच्या सेवेंत मोडे, आणि ती सेवा ज्यांच्या माथीं होती त्या समाजांतून आपल्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज आले आहेत. बंधुभगिनींनो, उन्हापावसांत ज्यांनीं दुसऱ्यांच्या मृत्यूचे सांगावे गांवोगांव पोंचविले, त्यांच्या स्वतःच्या मृत्यूचा सांगावा त्यांच्या पणतवंडांपर्यंत पोंचूं नये, याहून खेदाची गोष्ट कोणती? तो सांगावा आतां आपणच आणिला पाहिजे. हे कागद कोणी वाचूं शकत नाहीं असेंही नाहीं. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं सरकारनें मराठवाड्याचीं निजामकालीन दप्तरें तपासविलीं, तेव्हां उर्दू व मोडी जाणणारे बसवून हजारों कागद वाचले गेले. त्यांत जन्ममृत्यूच्या वह्याही होत्या. जें काम जातीच्या दाखल्यासाठीं झालें, तें पूर्वजांच्या स्मरणासाठींही होऊं शकेल.

अलीकडच्या मृत्यूंची वाट सोपी आहे. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा आपल्या राज्यांत १९७० पासून चालू आहे. खेड्यांत ग्रामपंचायत व शहरांत नगरपरिषद नोंद करते. मृत्यू २१ दिवसांच्या आंत कळवावयाचा. एक वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. ठरलेली फी भरून कोणासही वहींतील शोध करवितां येतो व उतारा मागतां येतो. मात्र मृत्यूचें कारण त्या उताऱ्यांत देत नाहींत. नोंद न मिळाल्यास तसा लेखी दाखला मागून घ्यावा. पुढच्या कचेरींत तोच उपयोगी पडतो. नोंद ज्या ठिकाणीं मृत्यू झाला तेथें होते, जेथें माणूस राहत होता तेथें नव्हे. औशाचा मनुष्य सोलापूरच्या दवाखान्यांत वारला असेल तर त्याची नोंद सोलापुरास शोधावी.

जेथें मृत्यूची वही मिळत नाहीं तेथें जमिनीची वही पाहावी. तलाठ्याकडील नमुना ६ मध्यें फेरफार आणि ६क मध्यें वारसाचीं प्रकरणें असतात. त्यांत मयताचें नांव, पुष्कळदां मृत्यूची तारीख, आणि मागें राहिलेल्या बायकामुलांचीं नांवें ओळीनें मिळतात. 'आमच्या पूर्वजांस जमीन कोठली?' असें कोणी म्हणेल. परंतु हाडकी-हाडोळ्याच्या इनामाचा तुकडा पुष्कळ घराण्यांकडे होता, आणि त्याच्या कागदांत वाटेकऱ्यांचीं नांवें सांपडतात. ज्यांच्याकडे तेंही नव्हतें त्यांनीं शाळेची दाखलखारीज वही पाहावी. मुलाच्या नांवापुढें बापाऐवजीं चुलत्याचें वा आईचें नांव पालक म्हणून लागलें असेल, तर तें साल बापाच्या मृत्यूनंतरचें असण्याचा संभव आहे. हा पुरावा नव्हे, पण वाट दाखविणारी खूण खास आहे.

आतां कबरीचे दगड व वर्तमानपत्रें. श्रीमंतांच्या व साहेबलोकांच्या कबरींवर दगड बसले, म्हणून त्यांचे लेख टिकले. जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचें अंबाजोगाई, अशा ठिकाणीं हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या होत्या. निजामी राज्यांतील अशा थडग्यांवरील लेखांची यादी ओ. एस. क्रॉफ्टन यांनीं तयार केली व ती १९४१ सालीं हैदराबादेस छापली गेली. आपल्या गरिबांच्या कबरींवर लांकडी क्रूस उभे राहिले. ते चार पावसाळ्यांत कुजले. त्यांची यादी कोणीं केली नाहीं. जे दगड आज उभे आहेत त्यांचीं तरी मोबाइलवर चित्रें घ्यावींत, सकाळच्या तिरप्या उन्हांत, म्हणजे झिजलेलीं अक्षरेंही उमटतात. वर्तमानपत्रांत निधनवार्तेचें सदर असतें. 'मराठवाडा' पत्र १९३८ पासून साप्ताहिक म्हणून निघालें, आणि 'लोकमत'ची औरंगाबाद आवृत्ति १९८२ पासून. मुंबईस गेलेल्या आप्तांसाठीं तेथील 'एक्झामिनर' हें कॅथलिक साप्ताहिक पाहावें; तें १८५० पासूनचें आहे. खेड्यांतील गरिबाची वार्ता क्वचितच छापली जाई हें खरें. परंतु निधनवार्तेंत मुली कोणत्या गांवीं दिल्या, जांवई कोण, हें असतें. त्यामुळें हरवलेलीं नातीं हातीं लागतात. तारीख मात्र जपून घ्यावी. वार्ता छापल्याचा दिवस हा मृत्यूचा दिवस नव्हे.

ज्यांचें शरीरच सांपडलें नाहीं त्यांचें काय? हा प्रश्न आपल्या तालुक्यास नवा नाहीं. किल्लारी आपल्याच औसा तालुक्यांतील. १९९३ च्या त्या पहाटे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें ढिगाऱ्याखालीं गेलीं, आणि घरांबरोबर घरांतील कागदही गेले. पुढें गांवें नव्या जागीं वसलीं. म्हणून त्या भागांतील कुटुंबांनीं जुन्या गांवठाणाची जागा लिहून ठेवावी. मदतीच्या वेळीं तयार झालेल्या याद्यांत नांव पाहावें. कोणी कामास म्हणून परमुलखीं गेला आणि परतलाच नाहीं, अशींही घरें आहेत. सात वर्षें ज्याची खबर, मिळावयास हवी होती त्यांनाही मिळाली नाहीं, तो जिवंत आहे हें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर येतो, असा देशाचा कायदा आहे. ख्रिस्तसभेचा नियम याहून सावध आहे. पतीच्या मृत्यूचा दाखला नसेल तर साक्षी, बोलवा व इतर खुणा तपासून बिशपांनीं तो मृत असल्याचें जाहीर केल्यावांचून पत्नीस दुसरा विवाह करतां येत नाहीं, आणि केवळ दीर्घ गैरहजेरी पुरेशी मानली जात नाहीं. म्हणजे एका साक्षीदारानें वेळेवर लिहून ठेवलेल्या चार ओळी एखाद्या बाईचें उभें आयुष्य सोडवूं शकतात. मृत्युनोंदीची किंमत याहून स्पष्ट काय सांगावी?

साक्षी जुळल्या नाहींत तर? आजी एक साल सांगते, वही दुसरें, दगड तिसरें. अशा वेळीं, जी नोंद मृत्यूच्या सर्वांत जवळच्या काळीं, प्रत्यक्ष पाहणाऱ्यानें केली, तिला अधिक मान द्यावा. परंतु इतर दोन खोडूं नयेत. तिन्ही लिहावींत आणि कोणतें कोठून आलें तें शेजारीं नोंदवावें. आणि एक विनंती : शोधांत एखादी दुःखाची वा लज्जेची गोष्ट हातीं आली, तर ती चव्हाट्यावर नेऊं नये. मृताचें नांव राखणें आणि मृताची अब्रू राखणें हीं दोन्ही एकच कर्तव्य आहे.

शेवटीं आमची सूचना. येत्या २ नोव्हेंबरास, सर्व मृत भाविकांच्या दिवशीं, धर्मग्रामांतील प्रत्येक घरानें एक पान भरून आणावें. त्यावर घरांतील प्रत्येक मृताचें बाप्तिस्म्याचें व गांवचें नांव, आईबापांचीं नांवें, बाईचें माहेर, मृत्यूचें साल वा प्रसंग, दफनाची जागा, आणि ही माहिती कोणीं सांगितली, एवढें असावें. ठाऊक नसेल तेथें जागा कोरी सोडावी. अंदाजानें भरूं नये. कोरी जागा पुढच्या पिढीस काम देते, खोटी तारीख तिला फसविते. हीं पानें बांधून एक वही धर्मगुरूंपाशीं राहावी व एक प्रत बाहेर दुसऱ्या जागीं. दोन जागीं ठेवलेला कागद सहसा बुडत नाहीं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठ दिवसांत कबरस्तानांत जाऊन मृतांसाठीं प्रार्थना करणाऱ्यांस ख्रिस्तसभेनें त्यांच्यासाठीं पूर्ण दंडविमोचन मिळविण्याची सोय नेहमींच्या अटींवर ठेवली आहे. त्या दिवसांत जातांना मेणबत्त्यांबरोबर वही व पेन्सिल न्यावी, आणि मुलांना सोबत घ्यावें. कोणती कबर कोणाची हें त्यांच्या कानावर आज घातलें, तर पुढच्या ज्युबिलीस तें सांगणारा कोणी तरी असेल.

प्रभु आपल्या सर्व मृतांस चिरविश्रांति देवो, आणि त्यांचीं नांवें राखण्याची बुद्धि व चिकाटी आपणांस देवो, हीच प्रार्थना.